आबांचा हात

हैदराबादला शिकलेलं तत्त्वज्ञान परभणीत कामाला येत नाही म्हणता? ऐका.

माझ्या वडलांनी, आबांनी, मला न विचारता पेडगावच्या पाहुण्यांबरोबर सुपारी फोडली. माझं लग्न ठरलं, म्हणजे कॉलेज संपलं. मी त्यांना बायबलातली गोष्ट सांगितली. देवाच्या हुकमावरून बाप पोटच्या पोरावर सुरी उगारतो. "तत्त्वज्ञ ह्याला श्रद्धा म्हणतात, आबा. मनाचे डॉक्टर म्हणतात, बापाच्या धाकालाच माणसानं देव केलं."

आबा भडकले. "पोराला इचारलं तरी का त्यानं?"

"तुमी मला विचारलं?"

आबांनी पानाचा डबा पुढं ओढला. मग हळूच म्हणाले, "पोरगं वाचलं का?"

"देवदूतानं ऐनवेळी बापाचा हात धरला."

"हितं कोण धरणार?"

मी धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. पण पेडगावला नकाराचा निरोप अजून गेलेला नाही.