पेल्यातला पांढरा धागा

हॅलो?… हो, आजोबाच बोलतोय. आधी नाक पूस, मग सांग.

कोणतं? खिडकीतलं मोठं टोमॅटोचं रोप?… पाणी घालूनही मान टाकली… बरं. मी शिकवलं होतं तसं केलंस का? देठ कापून काचेच्या पेल्यात धरलास?… आणि पाण्यात पांढरा धागा उतरतोय, दुधासारखा. छान पाहिलंस. ते जिवाणू आहेत, बाळा. लाखोंनी.

कुंडीत काय ओतलंस? गुडघा खरचटला की लावायचं, ते फेस येणारं औषध?… अख्खी बाटली? आईला कळलंय का?… बरं, ते मी बघतो.

नाही गं, मेले नाहीत… हो, हो, फेस आला ना… अगं ऐक ना. असे जिवाणू अंगात शिरले की रोपसुद्धा तेच औषध स्वतः बनवतं, त्यांना जाळायला. आणि या लबाडांना ते ठाऊक असतं. चाहूल लागली की कामाला लागतात. त्यांच्याकडे एक रसायन आहे, कॅटलेज. ते विषाचं पाणी करतं आणि वर प्राणवायू सोडतं. तोच तुझा फेस… मातीतले इतर जिवाणूही करतात म्हणा.

किती मोठे? सुईच्या टोकावर शेकडो मावतील. एवढासा जीव, ना डोकं ना डोळे. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत त्यांना मारायच्या मागे होतो, पण अजून हात जोडतो त्यांच्यापुढे.

हो, उपटावं लागेल… मुळांसकट, मातीसकट, पिशवीत बांधून… ठाऊक आहे गं, बी तूच पेरलं होतंस. पण बाकीची पाच आहेत ना?

थांब. पिवळी पानं कशानं काढलीस?… सगळ्यांची? त्याच कात्रीनं? मधे पुसली नाहीस? रोग कात्रीवरूनही पसरतो गं.

… आठव नीट. आधी कोणाची काढलीस?… दाराकडून सुरुवात… मग मधली… आणि खिडकीतलं शेवटी. नक्की?… नंतर कात्री कुठेच लावली नाहीस?

हुश्श.

पण ते शेवटी का गं?… आवडतं म्हणून?… साय शेवटी खातेस तसं?

वेडाबाई, वाचली बघ पाचही त्यानं. आता कात्री उकळून घ्यायला सांग आईला.

काय? पेल्यातलं पाणी ठेवायचं?… झाकण घट्ट लाव मग. मी सूक्ष्मदर्शक पुसून ठेवतो. बघू तरी, कोण एवढे शूर…

हॅलो?… गेलीसुद्धा उपटायला.