सांध्यांचं अस्तर आणि बरण्यांची झाकणं

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरची विद्वान मंडळी, प्रयोगशाळेतले सर्व सहकारी आणि पहिल्या रांगेतल्या माझ्या सासूबाई! (त्यांचा वेगळा उल्लेख केला नाही, तर घरी माझी खैर नाही.)

डॉक्टरबाई आज निवृत्त होताहेत. मी शिवणकाम करणारी, यांच्या संशोधनावर मी पामर काय बोलणार? पण माझ्या गुडघ्याचा एक तुकडा यांच्याकडे कामाला होता, त्या नात्याने उभी आहे.

मला संधिवात आहे. सकाळी बोटं आखडायची, बरणीचं झाकण उघडेना. सासूबाई म्हणायच्या, "दुपारी शिलाई मशीन चालतं, सकाळीच बरी बोटं आखडतात! कामाच्या नावाने शंख." खरं सांगते, दुखण्यापेक्षा ते बोलणं लागायचं. दुखणं दाखवायचं तरी कसं हो कुणाला?

पुढे गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "सांध्याच्या आतलं खराब अस्तर काढून टाकतील. मी ते संशोधनासाठी ठेवून घेऊ का?" फेकायच्या वस्तूचीही परवानगी मागणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी बोलावलं. "बघू तरी काय खूळ आहे," म्हणत सासूबाईही आल्या. बाईंनी त्यांनाच आधी सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. "आजी, या अस्तरातल्या पेशी. सांध्याला वंगण पुरवणं हे यांचं काम. या आजारात त्याच माजतात आणि हाडावरची गुळगुळीत कूर्चा कुरतडतात. शरीराबाहेर काढल्या, तरी खोड जात नाही. या कूर्चेच्या तुकड्यात कशा घुसल्यात बघा."

"अगं बाई! कुंपणच शेत खातंय की!" सासूबाई भिंगावरून डोळा काढेनात. मग हळूच म्हणाल्या, "हे हिच्या बोटांतपण?"

"हो. आणि सकाळी आखडणं ही तर या आजाराची खूणच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काय, चहा, साखर, मीठ, सगळ्या बरण्यांची झाकणं सैल! तेव्हापासून रोज. सासूबाईंच्या जिभेची धार मात्र तीच हं! "मुंग्या झाल्या तर मला सांगू नकोस."

डॉक्टरबाई, परवा तुम्ही हळहळलात. सूज आवरणारी औषधं आली, पण नेमकं या पेशींनाच वठणीवर आणणारं औषध हाती लागलं नाही, काम अर्धंच राहिलं म्हणालात. ते तुमचे विद्यार्थी पुढे नेतील. पण माझं दुखणं खरं आहे, हे माझ्या घराला तुम्ही दाखवलंत. मला त्याची औषधाइतकीच गरज होती.

ऐकून घेतलंत, सर्वांची ऋणी आहे. भाषणाची सवय नाही, टाका उसवला असेल तिथे सांभाळून घ्या. आणि बाई, आता सवड आहे, चहाला या. साखरेत मुंगी निघाली, तर ती तुमच्यामुळे आहे असं समजा.