दुसरा कॅन

मुलगी: आई, कपाट अजून किती ओढू? पाठ गेली माझी.

आई: वीतभर. माझा हात मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचला पाहिजे.

मुलगी: धूळच काढायची आहे ना? झाडू घाल की.

आई: झाडूला बोटं नसतात.

मुलगी: म्हणजे तू अजून तो दुसरा कॅन शोधतेयस! आई, एकतीस वर्षं झाली.

आई: कोण म्हणतं शोधतेय? साफसफाई करतेय. करताना काही सापडलं तर सापडलं.

मुलगी: आणि बाबांनी लपवलेला बिअरचा कॅन इतकी वर्षं कपाटामागे तुझी वाट बघत बसलाय?

आई: नाहीच बसला. पाण्याच्या टाकीमागे बघितलं, बुटांच्या खोक्यांत बघितलं. तुझ्या त्या मोठ्या बाहुलीचं पोटसुद्धा उसवून बघितलं.

मुलगी: ती बाहुली तू फाडलीस? मला तर म्हणाली होतीस, उंदरानं कुरतडली!

आई: उंदराला काय फरक पडतो? बरं, ते टेबलावर काय मांडून ठेवलंयस? शेजारीण आली तर म्हणेल, लेक चार वर्षांनी घरी आली ती बिअर घेऊन.

मुलगी: रिकामे आहेत गं. कामाचे नमुने. सोमवारपर्यंत लेबलं तपासून पाठवायची आहेत. आमच्या कंपनीची एकच बिअर अकरा देशांत जाते, म्हणून अकरा लेबलं.

आई: बिअर एक, तर लेबलं अकरा कशाला?

मुलगी: प्रत्येकाचा कायदा वेगळा. हा बघ, तीनशे तीस मिलिलिटर. हा तीनशे पंचावन्न. हा चारशे चाळीस, आणि हा उंच दिसतो तो पाचशे. कुठं दारूचं प्रमाण ठळक छापावं लागतं, कुठं इतकं बारीक चालतं की मुंगी वाटावी. एका देशात तर कित्येक वर्षं ते छापायलाच बंदी होती.

आई: का?

मुलगी: लोक आकडा बघून जास्त कडक बिअर उचलतील म्हणून.

आई: शहाणेच. म्हणजे काय पितोय ते न कळता प्यायचं.

मुलगी: आणि ‘एक पेग’ म्हणजे किती, हेही सगळीकडे निराळं. एका देशाच्या हिशोबानं आठ ग्रॅम दारू, दुसऱ्याच्या हिशोबानं वीस.

आई: म्हणजे एका देशातला बेवडा विमानात बसला, की दुसऱ्या देशात सभ्य गृहस्थ होऊन उतरतो.

मुलगी: जवळजवळ तसंच.

आई: तुझ्या बाबांना असं एखादं विमान मिळायला हवं होतं.

मुलगी: आई, मी तेव्हा सात वर्षांची होते. बाबांचं बस चालवणं गेलं एवढंच कळलं. नक्की झालं काय होतं, ते कुणी नीट सांगितलंच नाही.

आई: सांगण्यासारखं काय होतं त्यात? पहाटेची पहिली बस त्यांची. मी आदल्या दिवशी गणवेशाला इस्त्री करून ठेवायची, बिल्ल्याची दोरीसुद्धा धुवायची. साडेचारला डेपोत दारू तपासायच्या नळीत फुंकायचं, मग बस ताब्यात. पाचला आपल्या कोपऱ्यावरून जाताना दोनदा हॉर्न वाजवायचे, अगदी हळू, लोकांची झोप मोडू नये असा. त्या हॉर्नवर मी दूध तापत ठेवायची. घड्याळ लागायचं नाही मला.

मुलगी: हॉर्न आठवतो मला.

आई: डेपोच्या डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं, रात्री जेवताना एक कॅन घेतलात तर सकाळपर्यंत उतरतो, जास्त नको. हे कधीमधी एक घ्यायचे. त्या रात्री दादा आला होता, तुझा मामा, बोटीवरच्या नोकरीवरून सुट्टीला. त्यानं आणलेला कॅन हे जेवणानंतर प्यायले आणि झोपले. सकाळी नळीत फुंकलं, तर लाल दिवा!

मुलगी: मग?

आई: मग चौकशी. हे म्हणाले, एकच प्यायलो. डॉक्टर म्हणाले, एका कॅननं इतका आकडा येणं शक्य नाही. मलाही बोलावलं. साहेबांनी विचारलं, बाई, किती कॅन होते?

मुलगी: तू काय सांगितलंस?

आई: खरं तेच सांगितलं. म्हटलं, मला एक दिसला.

मुलगी: ‘मला दिसला’?

आई: अगं, मी भांडी घासत होते. मागं वळून किती वेळा बघणार? खोटं कशाला बोलू? साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि त्या दोन शब्दांखाली रेघ ओढली. झालं. बस काढून घेतली आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. एकोणीस वर्षं लोकांच्या छत्र्या सांभाळल्या त्यांनी.

मुलगी: आणि तू दुसरा कॅन शोधत राहिलीस.

आई: पहिला आहे माझ्याकडे. दुसरा सापडला की दोन्ही त्यांच्यासमोर ठेवणार होते. बोलणार काही नव्हते. नुसते ठेवणार होते.

मुलगी: पहिला आहे? कुठं?

आई: तो काय. त्याच्यात विणकामाच्या सुया नाहीत का?

मुलगी: हा? लोकरीचं झबलं घातलेला?

आई: लाज वाटायची बघायला. दुसऱ्याच दिवशी विणलं.

मुलगी: थांब, सुया काढते. आई, याचा घेर माझ्या ओळखीचा आहे. हा आपल्याकडचा नाही. झबलं काढू?

आई: काढ. रंग गेला असेल.

मुलगी: रंग टकटकीत आहे. लोकरीनं जपलाय. हा पाचशेचा, आई. तेव्हा आपल्याकडे तीनशे तीसचेच मिळायचे.

आई: अक्षरं तर किड्यांसारखी. कुणाला वाचता येतायत?

मुलगी: मला येतात, या देशाचीही लेबलं करते मी. थांब, लेबलाच्या कडा जुळतात तिथं असणार बारीक... हे बघ.

आई: चष्मा नाही. वाच.

मुलगी: नऊ टक्के.

आई: म्हणजे?

मुलगी: आपल्याकडची तेव्हाची बिअर चार टक्क्यांची. माप दीडपट, कडकपणा दुपटीहून जास्त. आई, या एका कॅनमध्ये आपले जवळजवळ साडेतीन कॅन आहेत.

आई: एकात?

मुलगी: एकात. बाबा खरं बोलत होते. डॉक्टरही खरं बोलत होते. सगळ्यांनी विचारलं किती कॅन. केवढा, ते कुणीच विचारलं नाही.

आई: झबलं घाल त्याला.

मुलगी: आई...

आई: घाल म्हणते ना! आणि त्यांना सांगू नकोस.

मुलगी: का? त्यांना किती बरं वाटेल!

आई: त्यांना बरं वाटेल, मला कुठं तोंड लपवायचं? एकदा जरी मी त्यांना ‘खोटारडे’ म्हणाले असते, तर आज तो शब्द मागे घेतला असता. मी काही म्हणालेच नाही. मी फक्त कपाटं सरकवली. सरकवलेली कपाटं मागे कशी घेतात?

(दार उघडतं. बाबा भाजीची पिशवी घेऊन आत येतात.)

बाबा: कोथिंबीर नाही मिळाली. अरे, कॅनला उघडं केलंत आज?

मुलगी: बाबा, बसा. तुम्हाला एक सांगायचंय.

आई: काही नाही सांगायचं. हात धुऊन या.

बाबा: नऊ टक्के, हेच ना?

मुलगी: तुम्हाला माहीत होतं?

बाबा: खिडकीवर बसायला लागून तिसरं वर्ष. एका प्रवाशाची पिशवी आली, आत अस्साच कॅन, भरलेला. तो दुसऱ्या दिवशी न्यायला आला, त्याच्याकडून वाचून घेतलं.

आई: आणि साहेबांना सांगितलं नाहीत?

बाबा: साहेब निवृत्त झाले होते. माझ्या बसवर दुसरा माणूस होता, चांगला होता.

आई: मला का नाही सांगितलंत?

बाबा: तुझा दादा त्याच महिन्यात गेला.

आई: त्याचा इथं काय संबंध?

बाबा: कॅन त्यानं आणला होता. मोठ्या हौसेनं. तू आधीच रडत होतीस. त्यात वर त्याला दोष देत बसली असतीस.

आई: म्हणून तो दोष मला तुम्हाला देऊ दिलात? अठ्ठावीस वर्षं?

बाबा: तू बोलत कुठं होतीस काही? घर मात्र स्वच्छ राहिलं.

मुलगी: बाबा!

आई: हसू नकोस तू. इकडे ये, समोर बस. पेन आहे?

मुलगी: आहे. कशाला?

आई: विचार मला. साहेबांनी विचारलं होतं तसं.

मुलगी: बाई, किती कॅन होते?

आई: एक.

मुलगी: एवढंच लिहू?

आई: एवढंच. पुढंमागं काही नाही.

बाबा: अगं, मग हे कपाट आता भिंतीला लावू का?

आई: लावा. चांगलं चिकटवून लावा.