खोडलेला परिच्छेद

नाही, बसत नाही मी बाई, हा मुद्रितांचा गठ्ठा द्यायला आले होते तेवढी — आणि ते पान आत्ताच कशाला काढलंत, सगळ्यात खाली होतं ते. हो, खोडलंय, दिसतंय ना लाल पेन्सिलीने. बाबांनीच खोडलंय. मुद्रितं तपासणारा माणूस दुसरं काय करणार — आणि त्यांची लाल रेघ म्हणजे तुमच्या छापखान्यात शेवटचा शब्द, तुम्हीच म्हणता ना तसं? मग झालं तर. समासात नवा शेवट लिहिलाय तेवढा घ्या जुळवून आणि मला मोकळं करा. आता अशा बघू नका माझ्याकडे. मुद्रितं तपासणारा चुका काढतो, गोष्टीचा शेवट बदलत नाही, एवढं कळतं मला. बरं. मी खोडलंय. त्यांची पेन्सिल घेतली, त्यांच्यासारखी रेघ ओढली, अक्षरही त्यांचंच काढलं — इतकी वर्षं बघतेय, जमतं. झालं समाधान? बोट काढा हो त्या पानावरून, मला ठाऊक आहे तिथे काय आहे ते.

जिन्यात कोण आहे? पाय वाजला कोणाचा तरी. नाही ना? बरं. ते इथे कशाला येतील म्हणा, त्यांना जिना चढवत नाही. सांगते काय झालं. तुम्हाला वाटतं मी विचार न करता गोष्ट पाठवली? सगळा विचार केला होता. टोपणनाव घेतलं. टाइप करून दिली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. गोष्टीतला बाप घड्याळं दुरुस्त करणारा केला — बाबांना साधी किल्ली देता येत नाही घड्याळाला. सगळं झाकलं आणि एक विसरले. तुमच्या अंकातली प्रत्येक ओळ कोण तपासतं? बाबा. आणि त्यांना वाचून कोण दाखवतं? मी. ते भिंग घेऊन छापलेल्या पानावर वाकतात, मी समोर बसून मूळ प्रत वाचते, स्वल्पविरामासकट — ‘तो उठला स्वल्पविराम दार उघडलं पूर्णविराम’ — ऐकलंत तर हसाल. दुपारची जेवणं झाली की आमच्या घरात हेच चालतं. आणि काल गठ्ठा सोडला तर आत माझीच गोष्ट. आता सांगा, ती मी त्यांच्या तोंडावर वाचायची? माझ्याच तोंडाने?

बाबा वाईट नाहीत हो. लिहून घ्या हवं तर. हात कधी उचलला नाही त्यांनी माझ्यावर, आईवरही नाही. हात उचलणाऱ्या बापाची गोष्ट लिहिणं सोपं, वाचणाऱ्याला लगेच कळतं कोणाच्या बाजूने रडायचं. बाबा नुसते गप्प व्हायचे. कशाने? तेच तर कळायचं नाही. भाजीत मीठ जास्त झालं, वर्तमानपत्राची घडी मोडली, कोणी जेवताना हसलं — की संपलं, ताट सरकवून उठायचे आणि मग घरात दिवसच्या दिवस चकार शब्द नाही. आम्ही मायलेकी आपल्या अंदाज करत बसायचो, काय चुकलं असेल, कोणाचं चुकलं असेल. दारात किल्ली वाजली की आई रेडिओ बंद करायची आणि माझे हात आपोआप वर्तमानपत्राची घडी घालायचे. अजून घालतात. आई गेली, रेडिओ गेला, मी चांगली घोडी झालेय, अजून घालतात.

म्हणून लिहिली. नाही तर कशाला लिहिली असती? आणि पहिल्यांदा पाठवली तेव्हा शेवट चांगला होता की. बाप इस्पितळातून घरी येतो, मुलगी धावत जाते, त्याच्या हातातली बॅग घेते, दोघांच्या डोळ्यांत पाणी. तर तुम्ही ती परत पाठवलीत. वर म्हणालात, शेवट खोटा आहे, इथे तुम्ही घाबरलात. म्हणालात, गोष्ट छोटी असली की खोटं लपवायला जागा नसते, ते पहिल्याच वाचनात वर येतं. मला रागच आला होता तुमचा. तुमचं काय जातं बोलायला, तुम्ही इथे टेबलामागे बसून ‘खरं लिहा’ म्हणणार आणि ते खरं घेऊन राहायचं मी त्याच घरात. पण बसले. लिहिलं. एकदाच, न खोडता — बाबा इस्पितळात होते ते दिवस घरात कसे गेले ते. आई जेवताना हसायची. खिडक्या उघड्या असायच्या. आणि मग एका सकाळी बाबांनी बॅग पायरीवर ठेवल्याचा आवाज आला आणि — बाबांनी नाही, त्याने, गोष्टीतल्या त्या घड्याळवाल्याने. जाऊ द्या. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बाबा दारात खोकले, माझ्या हातांनी वर्तमानपत्र उचललं आणि मनात आलं, आले नसते तर बरं झालं असतं. तीच ओळ. तिच्यावर ती गोष्ट संपते. आणि खरी आहे ती, त्याची भीती वाटते मला. खोटी असती तर बेधडक वाचून दाखवली असती, म्हटलं असतं, बघा कशी रचलीये.

काल मी बाकीच्या गोष्टी वाचल्या आणि म्हटलं, संपलं. ‘संपलं?’ म्हणाले. ‘संपलं.’ ते आडवे झाले, घोरायला लागले, तेव्हा मी पेन्सिल घेतली. तो परिच्छेद खोडला, आधीचा गोड शेवट समासात उतरवला आणि पान तळाशी घातलं. रोज गठ्ठा मी बांधते. आज सकाळी चहा घेऊन आले तर बांधलेला होता. म्हणाले, ‘मी बांधला. जमतं मला अजून.’ मी निघाले तर म्हणाले, ‘सावकाश ये. घाई नाही.’ घाई नाही असं बाबा कधी कोणाला म्हणत नाहीत हो, रस्ताभर तेच डोक्यात घोळतंय. म्हणून म्हणते, तो गोड शेवट छापा. खोटा तर खोटा. तुमचा अंक चार लोक वाचून रद्दीत घालतील, मला रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर —

काय? काय दाखवताय? मघापासून बोट काय आपटताय त्या पानावर? सांगितलं ना मीच खोडलंय — थांबा. द्या इकडे.

हे ठिपके मी नाही दिलेले.

खोडलेल्या ओळींखाली ठिपके दिले की त्याचा अर्थ, खोडलंय ते खोडलेलं धरू नका, होतं तसं राहू द्या. मला हे शिकवलं त्यांनीच, मी लहान होते तेव्हा, मांडीवर पाटी ठेवून. सगळ्या परिच्छेदाखाली आहेत बघा, शेवटच्या ओळीपर्यंत. हात कापतो त्यांचा हल्ली, म्हणून असे वेडेवाकडे पडलेत. आणि समासातला माझा शेवट त्यांनी काढून टाकलाय, एका रेघेत. ‘बरं झालं असतं’ याच्यापुढे माझा पूर्णविराम राहिला होता. तो दिलाय.

भिंग घेऊन वाचलं असेल, एकेक अक्षर. कोणी वाचून दाखवायला नसताना. आणि सकाळी चहा घेतला माझ्या हातचा.

नाही, पाणी नको. तसंच छापा, त्यांनी दिलंय तसं. आता मी घरी जाणार आणि दारात माझी किल्ली वाजणार, आणि आत ते ऐकत बसलेले असणार. वर्तमानपत्र हातात घेऊन बसलेले असतील का हो? — नका सांगू. बसते मी इथे थोडी. तुम्ही तुमचं काम करा, माझ्याशी बोलू नका.