छाती माझी, सही माझी

रामकृष्णहरी, मंडळी! टाळ जरा मांडीवर ठेवा. आज कथेला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. सोसणं, हे पुण्य की पाप?

थांबा! लगेच माना डोलवू नका. ‘सोसेल तो संत’ हे तुम्हाला पाठ आहे. आम्हीच पाठ करून घेतलंय! पण अंगात दुखणं आहे, जीव कासावीस होतोय, आणि माणूस हसून म्हणतंय, ‘काही नाही हो, बरी आहे मी’ – हे सोसणं कुणाच्या बाजूचं? देवाच्या, की यमाच्या?

ऐका तर मग. आजऱ्याकडं, डोंगराच्या कुशीतलं एक गाव. तिथं शेवंताक्का पाटणे. वय छप्पन्न. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मिरची-कांडपाचं यंत्र चालवणारी बाई! दिवसभर तिखटाच्या धुरळ्यात उभी. गावातली माणसं दारातूनच शिंकत परत जायची, आणि ही आत गाणी म्हणायची!

त्या वर्षी मार्गशीर्षात ती देवीची ओटी भरायला निघाली. देऊळ टेकडीवर. एकशेदहा पायऱ्या. निम्म्यावर आली – आणि जबडा दुखायला लागला. दाढ नव्हे हो, जबडा! मग छातीत, पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणी जातं ठेवावं तसा भार. थंडीचे दिवस, आणि बाईला घामाच्या धारा! खाली बसली. पाच मिनिटांत दुखणं गेलं. उठली, वर गेली, ओटी भरली. दुसऱ्या दिवशी मिरचीचं पोतं ओढताना – पुन्हा तेच!

आता आपल्या गावात डॉक्टरांना काय तोटा? शेजारीण म्हणाली, पित्त. मुलगा उत्तम म्हणाला, आई, गॅस असेल. थोरले दीर बापूदादा, घरातले कर्ते, ते म्हणाले, “बाईमाणसाला हार्ट-बिर्ट काय नसतंय. ते पुरुषांचं दुखणं!”

बघा मंडळी! दुखण्यातसुद्धा मानाचं पान पुरुषाला!

त्याच आठवड्यात गावात सप्ताह. आणि कीर्तनाला बुवा कोण उभा? आता लपवून काय करू? मीच! रंगात आलो होतो. म्हणालो, “बाईनं कसं असावं? धरणीसारखं! नांगर चालवा, सोसते. खणा, सोसते.” टाळ्यांचा कडकडाट! तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, “बुवा, धरणी सोसती म्हणता. मग भूकंप का हुतोय?”

मृदंग थांबला. माझं तोंड असं झालं, जणू तिच्याच यंत्रातलं तिखट पडलं! ती शेवंताक्का. उभी राहिली होती, पदर खोचून. म्हणाली, “माझ्या छातीत कायतरी हुतंय. आन् मी आता सोसणार न्हाई.” आणि चालू कीर्तनातून उठून गेली! लोक हसले. मीही हसलो, मंडळी. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या डॉक्टरकडं. त्यानं झोपवलं, वायरी लावल्या, हृदयाची पट्टी काढली. “अगदी नॉर्मल. या वयात बायकांना असं होतंच. पित्ताची गोळी घ्या.”

दुसरी कुणी असती तर सुटले म्हणाली असती. ही खुर्चीतून हलेना. “सायेब, तुम्ही मला झोपवून पट्टी काढलीसा. झोपल्यावर मला दुखतच न्हाई. चढताना दुखतंय. यंत्र बंद ठिवून पट्टा कुठं घसरतोय ते कळंल का?”

“डॉक्टर तुम्ही की मी?”

“तुम्हीच. पर छाती माझी हाय!”

रागारागानं का होईना, त्यानं कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. घरी बापूदादांनी वाट अडवली. ही मागच्या दारानं निघाली. उत्तम स्टँडवर धावत आला, समजूत घालायला. आईचा चेहरा बघितला, आणि तिच्याबरोबर गाडीत बसला.

तिथं डॉक्टर मगदूम बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं बरं का, मंडळी! निम्मं औषध तिथंच असतं. मग छातीला वायरी लावून तिला चालत्या पट्ट्यावर उभं केलं. शेवंताक्कानं लुगड्याचा काचा मारला आणि लागली चालायला. पहिला टप्पा – काही नाही. दुसरा – दम लागला. तिसऱ्याला जबडा धरला, आणि हृदयाच्या पट्टीवरच्या रेघा खाली बसल्या – काळजाला रक्त कमी पडत होतं! डॉक्टरबाई ओरडल्या, “थांबवा!”

आणि शेवंताक्का घामानं निथळत काय म्हणाली? “घावलं न्हवं?”

मग मनगटातून बारीक नळी घातली, औषध सोडलं, पडद्यावर हृदयाच्या धमन्या उमटल्या. मंडळी, हे हृदय सगळ्या अंगाला रक्त पोचवतं. पण त्याला कोण भरवतं? मुख्य तीन धमन्या, मिरचीच्या देठाएवढ्या जाड! शेवंताक्काच्या तिन्ही आतून चोंदलेल्या. एकीत तर सुतळी जाईल एवढीच वाट.

“रक्तात साखर आहे तुमच्या. ठाऊक होतं?”

“न्हाई.”

“दातांना तंबाखूची मिश्री लावता?”

अक्कानं पदर तोंडाला लावला! का हो, इथं पण पदर वर गेले? पदर तोंडावर घेऊ नका, मी नावं नाही घेत!

डॉक्टर म्हणाल्या, “एका धमनीत अडथळा असता तर स्प्रिंग बसवली असती. तुमच्या तीन आहेत, वर साखर. बायपास बरा. पायातली शीर काढून अडथळ्याच्या पुढं जोडायची. रक्ताला नवी वाट. धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे.”

शेवंताक्का घाबरली नाही असं समजू नका. खिडकीशी बसून हमसून हमसून रडली. उत्तमला म्हणाली, “छाती उघडनार रं माझी.” मग पदरानं तोंड पुसलं. “पर मला जगायचंय.”

एवढ्यात बापूदादा येऊन थडकले. “छाती फोडून घेतेस? देवावर सोड! घरच्या कर्त्याच्या सहीबिगर काय चालायचं न्हाई!” आणि त्यांनी फोन लावला. कुणाला? मला! “बुवा, तुम्हीच समजवा हिला.”

मला तिचा तो भूकंप आठवला, मंडळी. म्हणालो, तिच्याकडं द्या. “अक्का,” म्हटलं, “धरणीचं बोललो ते चुकलो. देवानं डॉक्टरांनाही हात दिलेत.”

“ते मागनं बघू बुवा. फोन ठिवा. मला सही करायची हाय.”

आणि बापूदादांसमोर कागद ओढला. “छाती माझी, सही माझी!” मोठ्या अक्षरात, पूर्ण नाव – शेवंता गणपती पाटणे!

ऑपरेशनला साडेचार तास लागले. बाहेर बापूदादा जप करत होते. माळेचे मणी पुन्हा पुन्हा हातातून निसटत होते. संध्याकाळी डॉक्टर मगदूम आल्या, मान डोलावली. मोठा गडी भिंतीला टेकून लेकरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तोंडातली नळी काढली. नर्सनं विचारलं, “मावशी, दुखतंय का?” आणि छप्पन्न वर्षं ‘काही नाही’ म्हणणारी ती बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, “व्हय! दुखतंय! लिवून घ्या!”

मिश्रीची डबी ओढ्यात गेली. गोळ्या जन्माच्या मागं लागल्या. यंत्र आता सून चालवते. धुरळ्यात उभं राहायचं नाही म्हणून अक्का बाहेर खुर्ची टाकून आवाज देते. पहिल्यासारखं सगळं नाही झालं. पण ती आहे!

तेव्हा मंडळी, देवानं काळीज दिलं ते सांभाळायला. कण्हणं हा देवाचा अपमान नव्हे. गप्प बसणं, आणि दुसऱ्याला गप्प बसवणं, हाच अपमान!

आता आरतीची वेळ झाली. पण मी आरती म्हणणार नाही! आधी एक करा. चढताना, ओझं उचलताना ज्या माउलीला छातीत, जबड्यात, पाठीत भरून येतं, आणि जिनं घरात सांगितलेलं नाही, तिनं हात वर करावा. पुरुषांनो, मागं वळून बघायचं नाही! नजर माझ्याकडं!

...एक. या माउली, लाजू नका. दोन, तीन. त्या खांबाआडच्या – चार. पाच.

अहो पाटील, निरांजन खाली ठेवा! देव थांबेल. तो कुठं जातोय? आधी उद्या सकाळची दवाखान्याची गाडी ठरवा.