इराण्याकडं उपाशी

...न्हाई न्हाई, माज्याफुडं च्याचं नाव काढू नगा. तुमी प्या खुशाल, मी बसतो हितं कडंला. आवं, च्या म्हनलं की माजं आतडं तुटतंय. त्या माधवनगरच्या इराण्याच्या हाटेलात सगळ्या खानदानानं खाल्लं, प्यालं, ढेकरा दिल्या, आन ज्यानं सगळ्यास्नी न्हेलं त्यो ह्यो हंबीरराव बसला मदी उपाशी. तुमास्नी सांगतो, घास बी न्हाई, घोट बी न्हाई.

आता इचाराल, का? तर रीत. लेकीला मूल हुईस्तवर बापानं तिच्या घरचं पानी बी प्यायचं न्हाई. माज्या बानं पाळलं, त्येच्या बानं पाळलं, मी काय वरनं पडलोय? आमची हरणी गेल्या माघात माधवनगरला दिली, जावई अर्जुना तितल्या गिरणीत हाय. जवा जवा गेलो तवा उंबऱ्यावर बसून आलो. पोरगी तांब्या घिऊन आत-भाईर करती, मी म्हनतो "तान न्हाई गं", आन घसा असा कोरडा की शबूद फुटंना. ह्या पोरीनं लगीन हुईपत्तूर कवा येगळ्या ताटात जेवान केलं न्हाई वो! बापलेकीचं एकच ताट. आजून बी जेवाय बसलो की भाकरी मोडून हात आपसूक उजव्या अंगाला जातोय... तितं कोन हाय? कोन न्हाई.

म्हनून ह्या टकुऱ्यातनं युक्ती निघाली. हरणीच्या घराच्या कोपऱ्यावरच त्या इराण्याचं हाटेल. गुळगुळीत दगडाची टेबलं, भिताडाला आरसं, गल्ल्यावर इराणी. हाटेल म्हंजी ना तिचं घर, ना माजं घर! तितं बापलेकीनं एका टेबलाला बसून खाल्लं तर कुठली रीत आडवी येती? निगालो की मी आन हरणीची आई, आमची रंगूबाई, उंब्रजासनं, कोळशावर चालनाऱ्या मोटारीचा धूर खात. हरणी आली, जावई आला, हरणीचा सासरा, म्हंजी आमचा इवाई, नाथाजीराव आला. बनमस्का आला, आमलेट आलं, च्या आला. हरणी माज्या उजव्या अंगाला. मी बन मोडला, निम्मा तिच्या बशीत ठिवला, निम्मा उचलला... तोंडापत्तूर आला वो...

तवर नाथाजीराव मिशीवरनं हात फिरवत म्हंत्यात कसं, "खावा हंबीरराव, लोणी घरचंच हाय."

घरचं? कुनाच्या घरचं?

"आमच्या! इराण्याला दूध-लोणी समदं आमच्या म्हशीचं जातंय. सूनबाईच्या हातची धार."

ठिवला बन खाली. च्याची कपबशी सारली लांब. म्हनलं, आमलेट तरी... तर जावई लाजत लाजत म्हनतोय, "मामा, अंडी बी आमच्याच कोंबड्यांची." निदान पानी तरी प्यावं म्हनून गिलास उचलला, तर गल्ल्यावरनं इराणी वरडला, "पियो सेठ, मीठा पानी हय, नाथाजीके कुवे का!" आता बोला. हाटेलात चूल तेवढी इराण्याची, बाकी समदा परपंच माज्या लेकीचा.

रंगूबाईकडं बघितलं, म्हनलं ही तरी रीत पाळंल. ती आपली बोटाचा मस्का चाटतीया. म्हनलं, "आगं, कन्यादान केलंय न्हवं आपुन?" तर म्हनती, "संकल्प तुमी सोडला. मी निस्ता तुमच्या हाताला हात लावला हुता." आन आनखी एक बन मागिवला.

खरं, त्येचं मला न्हाई वाईट वाटलं. हरणीच्या बशीत बघितलं, तर निम्मा बन तसाच. म्हनलं, "खा की गं." मान खाली घालून म्हनती, "आबा, तुमी खाल्ल्याबिगार मला घास उतरत न्हाई." आता? ज्या दोघांसाठी एवढा खटाटोप, ती दोघंच ताटकळल्याली, आन बाकीची बोटं चाटत्यात. डोळ्यात पानी आलं माज्या, खोटं कशाला सांगू. तिला बी न्हाई, मला बी न्हाई. घास बी न्हाई, घोट बी न्हाई.

उटलो तसाच. म्हनलं, "इवाई, पोरीला चार दिस म्हायेराला न्हेतो. माज्या घरात, माज्या ताटात जेवंल." हरणीचं त्वांड असं उजाळलं म्हनता! तर नाथाजीराव गडबाडलं, "न्या की, न्या... खरं म्हस दुसऱ्या कुनाला आचळाला हात लावू देत न्हाई, लाथ झाडती. सूनबाई गेली की धार बंद." ह्ये ऐकलं मातर, त्यो इराणी गल्ला सोडून हात जोडत आला, "अरे बाबा, लडकी मत ले जाव! दूध बंद तो चाय बंद, गिरणीका आदमी लोग मेरेकू मारेगा!" टेबलाटेबलावरची गिरणीची मानसं माज्याकडं बगाय लागली, जनू मी दरोडा घालाय आलोय. शेवटी हरणीच म्हनली, "असू द्या आबा. येईन मी कवातरी."

आलो माघारी. वाटंत मोटारीत रंगूबाईनं पदराची गाठ सोडली, तर आत बन. माज्याकडं बघितलं, म्हनली, "तुमास्नी चालत न्हाई न्हवं," आन खाल्ला.

घरी आल्या आल्या देवाफुडं नारळ ठिवला. म्हनलं, देवा, हरणीच्या पदरात मूल घाल. आन त्येला येळ लागत आसंल, तर निदान ती म्हस तरी आटव. म्हंजी पोरीला चार दिस घरी आनून एका ताटात तरी जेवीन.

काल माधवनगरचा मानूस निरोप घिऊन आला. देवानं ऐकलं. म्हस आटली.

इराण्याची पंचाईत नगो, म्हनून इवायानं लगोलग दुसरी घेतलीया. तिची बी धार हरणीच काढती.