जाऊ दे म्हणजे मारू का नको?

नाही, पण मी म्हणतो, ज्या माणसाले लाथ मारायसाठीच टीममधी घेतलं, त्याले वर्षभर लाथच मारू द्याची नाही, हा कोणता न्याय झाला? सांगा ना! हसून राहिले... हसा. अमेरिकन फुटबॉल खेळतो म्हटलं का नागपुरात सगळे हसतेच. आमच्या शेजारच्या शोभाताईनं तर बॉल हातात घेऊन विचारलं, "काहून गा धम्मानंद, हा असा लांबोडा कसा? कोणी बसलं का याच्यावर?" नाही हो ताई, तसाच असते तो! जाऊ द्या.

तुम्हाले सांगतो, खेळ सोपा आहे. दहा यार्ड पुढं सरकायले चार संधी. तीन वाया गेल्या का चौथीले दोन रस्ते. एक तर उरलेलं अंतर घुसून काढा, अन् हुकलं तर बॉल तिथल्या तिथं समोरच्याच्या हातात. नाही तर लाथ मारून बॉल पार त्याहिच्या टोकाकडं धाडा, म्हणजे त्याहिले लांबून यावं लागन. ती लाथ मारणारा मी! रामदासपेठेत एका दवाखान्यात एक्स-रे काढतो, पण ड्यूटीच्या आधी रोज मैदानावर. अंगठ्याचं नख गेलं, शोभाताईच्या कुंड्या गेल्या, कंबर गेली... अन् मंग आली मिनल.

मिनल म्हणजे आमच्या कोच रुपराव सरांची भाची. सर इथल्याच, नागपूरजवळच्या खाप्याचे, जुने कबड्डीवाले, तिरसट माणूस. भाची पुण्याहून डेटा-बिटा शिकून आली, हातात टॅबलेट. चौथी संधी आली का सर विचारणार, "काय म्हणते वं तुझा कम्प्युटर?" अन् ती बोट फिरवून, मधात घोळल्यासारखी, "मामा, गो! चौसष्ट टक्के!" म्हणजे लाथ नको, घुसा, जमाचा चान्स चौसष्ट टक्के. झालं! मी हेल्मेट घालून उभा, पाय झटकून राहिलो, अन् "गो!" पुढच्या मॅचले? "गो!" त्याच्या पुढच्या? मले तर वाटते त्या मशीनले दुसरा शब्दच शिकवला नव्हता. अन् जहर गोष्ट सांगू? पोरगी खरी निघे! आपले पोट्टे घुसत होते, जिंकत होते. म्हणजे मी बाकावर बसलो म्हणून टीम जिंकली, असा तिचा हिशोब! तोंडावर म्हणे, "दादा, तुमची किक आपल्याला फार महाग पडते." महाग? फुकटात मारतो न वं बाई मी! जाऊ द्या.

अन् मी जाऊ बी दिलं असतं. पण फायनलले माय आली. विहारात जायची पांढरी साडी नेसून, टिफिन घेऊन, पहिल्या रांगेत. वर्षभर मोबाईलवर मॅच पाहून विचारे, "बाबू, याच्यात तू कोणता?" काय सांगू? तो कोपऱ्यात बाकावर पाय हलवून राहिला ना, तो मी, माय! एकदा, फक्त एकदा तिनं मले लाथ मारताना पाहावं... दुसरं काहीच मागत नव्हतो हो मी.

आता फायनल होती हैदराबादवाल्याहिसोबत. सरांचं डोकं आदल्या दिवशी चाललं. "मिनल, तुझं ते गो-गो त्याहिले समजते. उद्या मराठीत बोलजो!" इथंच आग लागली, पाहा!

मॅच संपायले आली, आपण तीन पाइंटानं पुढं, चौथी संधी, बाकी फक्त एक यार्ड. सर वरडले, "मिनल, काय म्हणते?" पोरीच्या तोंडावर "गो" आला, तिनं गिळला, अन् मराठीत वरडली, "मामा, जाऊ दे!"

आता तुम्हीच सांगा! खाप्याच्या माणसाले "जाऊ दे" म्हटलं तर तो काय समजन? सोड, नको लागू नादी! सर म्हणे, "जाऊ दे तर जाऊ दे. धम्मा, मार लाथ!"

मारली. मायची आन, अशी लागली का रेफ्री बी तोंड उघडं टाकून वर पाहून राहिला! मी पाह्यलं मायकडं. माय उभी, टाळ्या वाजवून राहिली... अन् तिकडं त्याहिच्या एका पोट्ट्यानं बॉल झेलला अन् सुटला ना! कोणाच्या हाती त्याची जर्सी आली, कोणाच्या हाती नुसती हवा, शेवटी मी आडवा झालो तर माझ्यावरून उडी मारून पार आमच्या टोकाले गेला. सहा पाइंट त्याहिले, हरलो!

सर माझ्यावरच धावले, "काहून मारली बे?" "तुम्हीच म्हटलं न सर!" "मिनलनं म्हटलं!" मिनल रडून राहिली, "मी गो-वालं जाऊ दे म्हटलं होतं, मामा!" "मंग जाऊच तर दिलं न वं!" शेवटी काय ठरलं? पुढच्या वर्षी टीममधी लाथवालाच ठेवाचा नाही. चूक भाषेची, अन् काढलं कोणाले? पायाले!

अन् माय? माय खूश! म्हणे, "केवढ्या दूर मारला रे बाबू! अन् तो पोरगा बी किती चांगल्या घरचा, एवढ्या दुरून वापस आणून द्याले पळत आला." टिफिन उघडून देत विचारते, "आता पुढची लाथ कधी मारशीन?"

मी म्हटलं, "जाऊ दे ना माय."

तर म्हणते कशी, "जाऊ दे म्हणजे... मारशीन का नाही मारशीन?"